रिव्हॉल्व्हर भरायचा हात

रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांत रिकामं होतं. पिस्तूलवाले खटकन मॅगझिन बदलतात नि पुढे जातात. आम्ही गोळ्यांचं चाक बाहेर काढायचं, रिकामी काडतुसं पाडायची, पोलादी चकतीत अडकवलेल्या नव्या सहा गोळ्या एकदम आत सोडायच्या. तोवर घड्याळ पळतंच असतं. नेम चुकून जेवढे हरतात ना, त्याहून जास्त लोक या भरण्यात हरतात.

आमचे हे इथे परदेशात, रॅफल्स प्लेसला बँकेत होते, त्यांच्यामुळे मी नेमबाजीच्या क्लबात जायला लागले. ते गेले, माझं जाणं काही सुटलं नाही. दोन वर्षांपूर्वी स्पर्धेला रिव्हॉल्व्हरच्या गटात क्लबातून एकच जण जाणार होता. चाचणीला मी, वय चौसष्ट, आणि एक तरणाताठा इंजिनियर. मला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती.

आमचे कोच चिनी गृहस्थ, मोजकं बोलणारे. चाचणीआधी सरावात त्यांनी माझं भरणं पाहिलं. मी रिव्हॉल्व्हर उजव्या हातातून डाव्यात घ्यायची आणि मग उजव्यानं पट्ट्यावरची चकती काढून भरायची.

"आँटी, गन उजव्या हातातून सोडूच नका," ते म्हणाले. "भरायचं काम डाव्याला द्या."

"डाव्याला नाही जमणार."

"करून तर बघा."

केलं. पहिल्याच खेपेला, सात वर्षांच्या सवयीचा उजवा जेवढा वेळ घ्यायचा तेवढाच लागला. कोचनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही डावखुऱ्या का?"

मी चटकन नाही म्हटलं. होते, असं म्हणायला हवं होतं. लहानपणी आईनं हातावर पळी मारून मारून ती सवय मोडली होती. डाव्या हातानं कुणाला काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, ताटाला तर लावायचाच नाही. मीही ते मुकाट्यानं मानलं.

बंदूक क्लबाबाहेर नेता येत नाही, म्हणून घरी मी डाव्याला स्वयंपाकात जुंपलं. पोळ्या डाव्यानं उलटायच्या, फोडणी डाव्यानं घालायची. महिन्याभरात तो असा सुटला, की मलाच नवल वाटायचं.

रविवारी मुलगी हौगांगहून जेवायला आली. चाळिशीची आहे, नोकरी करते. मी बोलता बोलता तिच्या ताटात आमटी वाढली. ती जेवायची थांबली.

"आई, डाव्या हातानं वाढतेयस?"

मी हसत हसत सगळं सांगितलं. कोच काय म्हणाले, किती वेळ वाचतो, सगळं. माझ्या हौसेचं ही मेली कधी ऐकून घेते का, आज ऐकतेय म्हणून मी रंगून सांगत गेले. ती ऐकत होती ते वेगळंच.

"माझं डावं मनगट रुमालानं बांधून ठेवायचीस," ती म्हणाली. "होमवर्क होईपर्यंत. इथल्या शाळेत टीचर काही म्हणत नव्हती. तूच म्हणायचीस, आपल्यात चालत नाही."

"अगं, तेव्हा तसंच होतं."

"माझे पेपर अर्धे राहायचे. तू सगळ्यांना सांगायचीस, पोरगी आळशी आहे." मग इथल्या इंग्रजीच्या वळणानं, शेवटी इथला 'लाह' लावून म्हणाली, "गनसाठी कॅन, माझ्यासाठी कॅनॉट लाह."

मी म्हटलं, माझ्या आईनंही मला तेच केलं.

"मग तुला तर माहीत होतं," ती म्हणाली.

मी उठून ताक आणलं. तिनं घेतलं नाही.

एकदा वाटलं, द्यावं सोडून, चाचणीत उजव्यानंच भरावं. पण त्यानं तिचे पेपर पुरे होणार होते थोडेच? आणि जागा मला हवीच होती. डाव्यानंच भरलं. एकदाही चकती अडकली नाही, दर भरण्याला सेकंदावर वेळ वाचला. इंजिनियर मागे पडला. कोच म्हणाले, "इतका चांगला हात, आँटी, इतकी वर्षं कुठे ठेवला होता?" सगळे हसले, मीही हसले.

घरी येऊन मुलीला फोन केला. निवड झाली म्हटलं, बघायला येशील का?

"काँग्रॅट्स," ती म्हणाली. "पण येणार नाही, आई. तुला त्या हातानं भरताना मला नाही बघवणार."

मी म्हटलं, बरं. स्पर्धेला मरीन परेडच्या घरून टॅक्सी करून एकटीच गेले. तिसरी आले. तिला अजून कळवलेलं नाही, तिनंही विचारलेलं नाही.