शिबिराला काटेरी तार

पान बेचाळीसवर वंदना वाचता वाचता थांबली.

"सर, शिबिराला काटेरी तार कशाला?"

मी अनुवादक आहे. बुऱ्हाणपूरला, लालबागेत घरूनच काम करतो. पुस्तक छापायला जाण्याआधी शेवटचं प्रूफ वंदना मोठ्याने वाचते आणि मी मूळ इंग्रजीवर नजर ठेवतो. टायपिंगही तिचंच. हे पुस्तक अमेरिकेतल्या एका जपानी वंशाच्या बाईंनी आपल्या आईबद्दल लिहिलेलं. आई कॅलिफोर्नियात जन्मली, म्हणजे अमेरिकेचीच नागरिक. दुसऱ्या महायुद्धात जपानने हल्ला केल्यावर तिच्यासारख्या लाखाहून जास्त माणसांना सरकारने घरातून उचललं. गुन्हा काही नव्हता, चेहरा जपानी होता. सात वर्षांच्या या मुलीला आधी रेसकोर्सच्या तबेल्यात आणि मग वाळवंटात पहाऱ्यात ठेवलं. तीन वर्षं.

सरकारी कागदांत या जागांना 'रिलोकेशन सेंटर' म्हणत. मी लिहिलं, पुनर्वसन शिबीर.

"कॉलेजच्या शिबिरात आम्ही श्रमदान करायचो, गाणी म्हणायचो," वंदना म्हणाली. "आणि पुनर्वसन तर धरणवाल्यांचं होतं ना? त्यांना प्लॉट तरी भेटतो. यांना तबेला भेटला. सीधं कैद म्हणा ना, सर!"

तिचं बरोबर होतं. आणि माझी चूक नकळत झाली नव्हती. लेखिकेने तो शब्द प्रत्येक वेळी अवतरणचिन्हांत टाकला होता. हा सरकारचा शब्द, माझा नव्हे, एवढंच तिला सांगायचं होतं. मला ती चिन्हं दिसली होती. ओळ खडबडीत वाटते म्हणून मी काढून टाकली.

पुण्याला संपादकांना फोन लावला, शिबीर हा शब्द बदलायचाय म्हणून.

"अहो, आज फाइल प्रेसला जातेय," ते वैतागले. "शिबीर सोपं आहे. छळछावणी लिहिलंत तर लोकांना हिटलर आठवेल."

"छळछावणी नाही, बंदी-छावणी. आणि सरकारचा शब्द येईल तिथे तो अवतरणात."

"दोन महिन्यांत सुचलं नाही तुम्हाला?"

"सुचलं होतं. आळस केला."

"चारपर्यंत द्या," ते म्हणाले.

एकतीस जागा सापडल्या. वंदना चहालाही उठली नाही. पावणेचारला फाइल गेली.

पुस्तक आलं. आतली पानं नीट होती. मागच्या कव्हरवर मात्र ठळक अक्षरांत, 'पुनर्वसन शिबिरात गेलेलं बालपण'. कव्हर आठवडाभर आधीच छापून झालं होतं. तो मजकूर माझाच.

लेखिकेला मराठी येत नाही. कव्हरचा फोटो पाहून तिने मनापासून आभार मानले. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तिला कधीच कळलं नसतं, हेही मनात येऊन गेलं. मग सगळं लिहून पाठवलं.

तिचं उत्तर आलं. "आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, घर सोडा म्हणून आमच्या गल्लीतल्या खांबावर चिकटवलेली नोटीसही अशीच सभ्य भाषेत होती."

आता कव्हरचा मजकूर मी सगळ्यात शेवटी लिहितो. वंदनाने मोठ्याने वाचल्याशिवाय तो पाठवत नाही.