उसनी डोकी

करंटबाई हे नाव तिला पोरांनी ठेवलं होतं, आणि तिला ते मनापासून आवडायचं. हस्तकला-तंत्र शिकवणाऱ्या त्या संस्थेत ती मोटर वाइंडिंगचा विभाग चालवायची. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार छिन्नीने तोडून काढायची, खाचांमध्ये कागद घालायचा, तांब्याची नवी तार वेटोळं-वेटोळं करून भरायची, वार्निश पाजायचं. वेढा चुकला की तिचा हात बसायचा, आणि ज्याला बसायचा तो खरंच शॉक लागल्यासारखा बाकावरून उडायचा. वरून "चालता हो, उद्या बापाला घेऊन ये!" अशी दाराबाहेर रवानगी. "बाई, गावाची वीज गेली तरी तुमचा करंट चालूच," असं एक पोरगं एकदा म्हणालं. त्याला तिने वाजवली, आणि मग कपाटाकडे तोंड वळवून हसली.

हा धंदा ती हौसेने शिकली नव्हती. नवरा वाइंडर होता, त्याच्या हाताखाली तार ओढता ओढता हात बसला. दुकानात पंपाची मोटर भरता भरताच तो छातीत कळ येऊन गेला. दुसऱ्या दिवशी घरात रडारड चालू असताना गिऱ्हाईक दारात उभं. "झालं ते फार वाईट झालं वहिनी. पण पंप?" तिने पदर खोचला आणि पंप भरून दिला. मजुरी चोख मोजून घेतली. माणसं म्हणाली, बाईचं काळीज दगडाचं. दगडाचं नव्हतं तेव्हा. तेव्हा फक्त घरी म्हातारी सासू होती, शाळेतली मुलगी होती आणि डबा रिकामा होता.

संस्थेत तिला आणलं ते सुतारमास्तरांनी. वरच्या मजल्यावर सुतारकाम शिकवायचे; तिच्या नवऱ्याचे लंगोटीयार. ती त्यांना भाऊजी म्हणायची, ते तिला वहिनी. वाइंडिंगचा मास्तर निवृत्त झाला तेव्हा ते प्राचार्यांच्या टेबलासमोर ठाण मांडून बसले. "बाई आहे म्हणून नको म्हणताय ना? मग तिच्या हातची मोटर उघडून दाखवा आणि चूक काढा!" प्राचार्यांना मोटर उघडता येत नव्हती. बाई लागली.

लागली खरी, पण तिच्याकडे शिकायला येणार कोण? बाईच्या हाताखाली तार भरायची म्हणजे पोरांना लाज. पहिली कित्येक वर्षं तिची निम्मी बाकं रिकामी. आणि रिकामी बाकं तपासणीत दिसली की विभाग बंद. तेव्हा संस्थेत एक जुनी रीत होती. कागदावर कुठे नव्हती, पण घंटेइतकी पक्की. तपासणीच्या दिवशी एक विभाग दुसऱ्याला डोकी उसनी द्यायचा. साहेब सुतारकाम बघून खाली उतरायचा, वाटेत त्याला चहाला अडकवायचं, तेवढ्यात सुतारमास्तरांची पोरं मागच्या जिन्याने धडाधड खाली येऊन वाइंडिंगच्या बाकांवर बसायची. हातात वेटोळं, केसांत लाकडाचा भुसा. एका साहेबाने एकदा विचारलंही, "पोरांच्या डोक्यात हा कसला कोंडा?" करंटबाई म्हणाली, "साहेब, फार विचार करतात." साहेब हसला, सही केली, गेला. सगळ्यांना सगळं माहीत होतं. साहेबालाही.

मग दिवस पालटले. जवळपास पंपांचे दोन कारखाने निघाले, वाइंडिंगला पोरं येऊ लागली, पोरीही येऊ लागल्या. उलट लोक तयार फर्निचर घेऊ लागले आणि वरचा मजला विरळ होत गेला. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, आता कोंडा तुमच्याकडून वर येऊ द्या." तीही द्यायची. दोन-तीन तपासण्या अशाच निघाल्या.

आणि एक दिवस सरकारला साक्षात्कार झाला की शिकवणं म्हणजे खर्च. विभागाला मिळणारं अनुदान बंद. आता पैसे डोक्यामागे. कारभार एका कंपनीकडे. विभागात वीस डोकी नसतील तर विभाग बंद, मास्तर घरी. मोजणी एकदाच, सगळ्या विभागांची एकाच वेळी: पहिल्या घंटेला पोरांनी आत बसायचं, दुसऱ्या घंटेला दारं लावायची, आणि ज्या दाराआड जे डोकं सापडेल ते वर्षभर त्या विभागाचं. जनावरांच्या बाजारात निदान दात तरी बघतात. इथे नुसती डोकी.

भाऊजींकडे सतरा होती. करंटबाईकडे तेवीस.

ते खाली आले, तिच्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवत उभे राहिले. ते टेबल त्यांनीच करून दिलेलं.

"वहिनी, तीन द्या. तुमची वीस राहतात, माझी वीस होतात. वर्षभर कागदावर माझी, शिकवा तुम्हीच. माझी दोन वर्षं राहिलीत. एवढी काढली की पेन्शन घेऊन गप घरी बसतो, हिच्या शिव्या खात."

"मागायचं काय त्यात भाऊजी? दिली समजा."

"नक्की ना? नाहीतर फिटरवाल्याला विचारतो. त्याच्याकडे पुष्कळ आहेत, आणि माझं देणंही लागतो तो."

"त्याच्या दारात कशाला जाता? मी मेले का?"

तेव्हा ती मनापासून बोलली होती, हे खरं आहे. बाई खोटी नव्हती. तोपर्यंत तिला खोटं परवडेल असा भावच कोणी दिला नव्हता.

भाव दिला कंपनीच्या साहेबाने, मोजणीच्या आदल्या दिवशी. तरुण होता, गुळगुळीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघायचा. एकेका मास्तराला आत बोलावून त्याने तेच सांगितलं. सगळ्या कार्यशाळांत मिळून एकच विभागप्रमुख पगारावर राहणार. बाकीचे तासावर, तास असला तर पैसे, नसला तर घरी; पेन्शनपुरती नोकरी तेवढी धरणार. आणि विभागप्रमुख कोण? ज्याची डोकी सर्वांत जास्त.

"तुमची तेवीस ना मॅडम? वेल्डिंगची बावीस आहेत. फिटरचे मास्तर परवाच नोकरी सोडून चाललेत, त्यांचं मोजत नाही. म्हणजे तुमचंच नाव लागतंय. अभिनंदन म्हणू का?"

"उद्याचं उद्या म्हणा," ती म्हणाली. पण मॅडम हा शब्द तिच्या कानात गोड वाजत राहिला.

घरी तिने सासूच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि न राहवून सगळं सांगितलं. म्हातारीने घास गिळला.

"तो तुझा कोण? नवऱ्याचा दोस्त. नवरा आहे का?"

"त्यांच्यामुळे लागले मी नोकरीला."

"मग? जन्मभर त्याचं ऋण फेडत बस. लेकीचं लग्न ऋणातच लावून दे. अगं, आपल्या चुलीवर पाणी ओतून दुसऱ्याचं घर उबवणारी तू पहिलीच पाहिली! जा, दे. आणि मग तासावर मर."

एक गोष्ट करंटबाईला तेव्हाही करता आली असती. फिटरवाल्याकडे अजून पोरं होती. दोन गल्ल्या चालत जाऊन, "भाऊजी, मला जमत नाही, तुम्ही तिकडून बघा," एवढं सांगायचं होतं. नकार द्यायला कोणाची हरकत नव्हती. पण सांगितलं की तोंड दाखवावं लागणार, आणि भाऊजी काहीतरी बोलणार. ते नको होतं. म्हणून ती भांडी घासून झोपली. माणसं मोठी पापं अशीच करतात, तोंड चुकवायला.

सकाळी भाऊजी फाटकाशी भेटले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. "तिघं तयार ना वहिनी?"

"घंटा होऊ द्या, पाठवते."

पहिली घंटा झाली. ठरलेले तिघं, त्यात एक पोरगी, उठून उभे राहिले. "बाई, आम्ही वर जातो."

"बसा खाली."

"पण मास्तरांनी सांगितलंय..."

"तुमची मास्तर कोण? बसा म्हणते ना!"

खिडकीतून समोरचा जिना दिसत होता. जिन्याच्या तोंडाशी भाऊजी येऊन उभे राहिले. आधी त्यांनी हात वर केला. मग दोन्ही हात. मग "वहिनी!" अशी हाक आली. करंटबाईने पोरांना वेटोळी मोजायला सांगितली, मोठ्याने. हाक पुन्हा आली. ती पुढे झाली आणि खिडकी लावून घेतली. उकाडा होता, एका पोराने वर बघितलं, पण त्याची विचारायची हिंमत झाली नाही.

दुसरी घंटा. दारं लागली. साहेबाने तेवीस मोजली आणि म्हणाला, "मॅडम, आता वर चला. प्रत्येक मोजणीला दुसऱ्या विभागाचा एक साक्षीदार लागतो. तुमचं झालंय, तुम्हीच या."

तिने प्राचार्यांकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते.

वर सुतारकामाच्या खोलीत बरोबर वीस डोकी होती. सतरा पोरं. अठरावा फाटकावरचा वॉचमन, एप्रनखाली खाकी दिसत असलेला. एकोणिसावा समोरचा चहावाला, हातात गाळणी तशीच. आणि विसाव्या भाऊजींच्या बायको. नवऱ्याचा विसरलेला चष्मा द्यायला आल्या होत्या. घंटेच्या गडबडीत भाऊजींनी त्यांना एप्रन घालून बाकावर बसवलं होतं आणि हातात रंधा दिला होता. उलटा.

साहेब त्यांच्यासमोर थांबला. "काकू, इथे काय शिकता?"

"ह्यांचं ऐकायला," त्या घाबरून म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, अजून जमत नाही."

खोली फुटली. पोरं हसली, वॉचमन हसला, साहेबाला तर डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. एकटे भाऊजी हसले नाहीत. ते करंटबाईकडे बघत होते.

रुमाल खिशात गेला आणि साहेबाचा चेहरा पुन्हा गुळगुळीत झाला. "सतरा. आणि बनावट डोकी दाखवली, ते वेगळं प्रकरण. मॅडम, ही डोकी उसनी आणायची पद्धत इथे जुनी आहे का?"

प्राचार्य खोकले.

"माझ्या विभागात तरी कधी नाही," करंटबाई म्हणाली.

"कधी नाही?" भाऊजींचा आवाज चिरकला. "वहिनी, तुमचा विभाग उभा राहिला तो माझ्या पोरांच्या बुडावर! बाकं गरम करायला कोण येत होतं, तुमचा काका? अहो, बोला की! ह्या भिंती ऐकतायत!"

"भाऊजी, पुरावा असेल तर साहेबांना द्या. उगाच तोंडाची वाफ कशाला दवडता?"

"पुरावा?" ते म्हणाले. "तुम्ही पगारावर आहात, हा पुरावा."

"ते जुनं झालं," साहेब म्हणाला. "आम्ही आजची मोजणी करतो."

काकूंनी एप्रन काढला. त्याची नीट घडी घातली आणि करंटबाईच्या हातात दिली. "ठेव गं. तुला लागेल. तुझ्याकडे माणसं वाढणारेत आता."

सुतारकाम बंद झालं. बनावट डोकी दाखवली म्हणून भाऊजींना बडतर्फ केलं. दोन वर्षांवर आलेली पेन्शन त्याच कागदात गेली. ते कोणाकडे दाद मागायला गेले नाहीत असं नाही. गेले. सगळीकडे विचारलं, साक्षीदार कोण? सगळीकडे त्यांनी तिचंच नाव सांगितलं, आणि सगळीकडे साक्षीदार म्हणून तिच्या सहीचा कागद आधीच पोचलेला होता. शेवटी एका फर्निचरच्या दुकानात, आलेली खोकी फोडून आतल्या फळ्या स्क्रूने जोडायच्या कामाला लागले. लाकूड नव्हतंच त्यात, भुशाचा लगदा दाबलेला. त्यांच्या हाताखालून गेलेलं एक पोरगंच तिथे त्यांचं मुकादम होतं. "मास्तर, रंधा मारू नका, नुसतं पिळा," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणतात.

करंटबाई विभागप्रमुख झाली. खोलीवर पाटी लागली. पेढे नाहीत, हार नाही. वेल्डिंगवाल्याने येऊन हात जोडले. "बाई, तुमचा करंट मोठा. जवळच्याला आधी लागतो."

आठवड्याने कंपनीचा हुकूम आला. बंद विभागाची डोकी वाया घालवायची नाहीत; सतराही पोरं वाइंडिंगमध्ये वर्ग. आणि खाली एक ओळ: डोक्याचे पैसे ते शेवटपर्यंत बसलं तरच. मध्येच गळालं तर तेवढी कपात विभागप्रमुखाच्या पगारातून. हुकूम सूचनाफलकावर लावला होता. पोरांना वाचता येत होतं.

सतरा जण आले, मागच्या बाकांवर बसले. "हजर" म्हणायलाही तोंड उघडेनात, नुसतं बोट वर. तिने फळ्यावर मोटरची आकृती काढली, कागद कसा घालायचा ते दाखवलं, प्रत्येकाला तार कापून दिली. नवी, लखलखीत, महाग तार. मागे खट्-खट् आवाज सुरू झाला. भाऊजींचं सर्वांत लाडकं पोरगं, रुंद खांद्याचं, बाकावर पाय टाकून बसलं होतं आणि पकडीने तारेचे बोटाएवढे तुकडे करत होतं. खट्. खट्. तुकडे फरशीवर.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात आपोआप वर गेला. तिची जुनी पोरं श्वास रोखून बघू लागली.

"मारा ना बाई," ते शांतपणे म्हणालं. "मारलंत की मी चाललो. मी चाललो की हे सोळा पण चालले."

"पाय खाली घे."

"नाही घेत."

"चालता..." एवढंच तिच्या तोंडातून निघालं.

"म्हणा की," पोरगं म्हणालं. "आख्खं म्हणा. चालता हो म्हणा."

हात हवेत किती वेळ राहिला कोण जाणे. मग तो खाली आला. करंटबाई रिळाकडे गेली, तेवढीच दुसरी तार ओढली, कापली, आणि त्याच्या पायाशेजारी बाकावर ठेवली.

पोराने ती उचलली. खट्.