अकरा सेकंदांची मान्यता

ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणत. विचार करायचा झाला की ती खुर्चीतून उठे, खिडकीपर्यंत जाई, परत येई, पुन्हा उठे. काम मात्र बसूनच करण्याचं: संगणकाच्या पडद्यावर दिसणारी वाक्यं लिहायची आणि बटणं कुठे असावीत ते ठरवायचं. कंपनी आवाज रेकॉर्ड करण्याचा प्रोग्राम बनवत होती.

तो बसवताना आधी करार समोर येई. त्याची मांडणी भिंगरीचीच. बारीक अक्षरांतली एकतीस कलमं, खाली ठसठशीत हिरवं ‘मान्य आहे’ आणि कोपऱ्यात फिकट राखाडी ‘मान्य नाही’. लोक सरासरी अकरा सेकंदांत पुढे जात. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

एका दुपारी मावशीचा फोन आला. मावशी एकटी राहायची. भिंगरीच्या आईची नजर अधू झाल्यापासून मावशी आपल्या या थोरल्या बहिणीला पत्राऐवजी आवाज रेकॉर्ड करून पाठवी. प्रोग्राम भिंगरीनेच सुचवला होता.

“अगं, दातांच्या डॉक्टरकडे बसले होते. तिथल्या टीव्हीवर मी बोलत होते!”

“काय बोलत होतीस?”

“‘घाबरू नकोस, मी आहे ना.’ ताईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हटलं होतं मी ते. तिला, एकटीला. ते तुमच्या जाहिरातीत कसं गेलं?”

कसं ते भिंगरीला पाठ होतं. कलम एकोणीस: ध्वनिनमुने प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क.

ती तशीच उठून मावशीकडे गेली. काही न सांगता प्रोग्राम काढला आणि म्हणाली, “पहिल्यांदा बसवलास तसाच पुन्हा बसव, मी बघते.” मावशीने चष्मा लावला आणि करार येताच हिरवं बटण दाबलं. चार सेकंद.

“वाचलं का नाहीस गं?”

“वाचायचं असतं होय ते? मला वाटलं, दारात आडवं ठेवलेलं स्टूल आहे. सारलं की आत जायचं.”

पुढचे तीन आठवडे भिंगरीला चैन पडलं नाही. जेवताना ती कागदी रुमालावर वाक्यं लिही. नवरा बोलत असला तरी तिचं लक्ष नसे. एकोणिसावं कलम तिने करारातून बाहेर काढून स्वतंत्र पडद्यावर ठेवलं: ‘तुमचा आवाज आम्ही जाहिरातीत लोकांना ऐकवू का?’ खाली दोन सारखीच बटणं. ‘हो, ऐकवा.’ ‘नको.’

मग दिसेल त्याला पकडून ती पडद्यासमोर बसवू लागली. रखवालदाराने लगेच ‘नको’ दाबलं. प्रिंटर दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक मात्र बोट वर धरून थांबला.

“नको म्हटलं, तर प्रोग्राम चालेल ना?”

तिने कपाळावर हात मारला. एवढी साधी गोष्ट! खाली ओळ वाढवली: ‘नको म्हटलंत तरी प्रोग्राम पूर्ण चालेल.’

साहेबांनी पडदा पाहिला आणि हसले. “असं विचारल्यावर हो कोण म्हणेल?”

“म्हणजे आजवर कोणी हो म्हटलंच नव्हतं, साहेब.”

हसणं विरलं. भिंगरीने मावशीची आणि तिच्या चार सेकंदांची हकीकत सांगितली. तिथेच बसलेल्या कंपनीच्या वकीलबाई आतापर्यंत या बदलाच्या विरुद्ध होत्या. सोपं लिहिलं की त्यातच आपण अडकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मावशीची जाहिरात पुन्हा लावायला सांगितली. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “ही बाई उद्या माझ्यासमोर आली, तर चार सेकंदांची परवानगी मी कोणत्या तोंडाने दाखवू?”

जाहिरात त्याच दिवशी उतरवली गेली. महिन्याभराने नवा पडदा लागला आणि जुन्या लोकांनाही पुन्हा विचारलं गेलं. शंभरातल्या सहा जणांनी हो म्हटलं. साहेबांनी भिंगरीला त्या प्रोग्रामवरून काढून दुसऱ्या कामावर टाकलं. जाता-येता तोंड फिरवू लागले ते वेगळंच.

ते तिने सोसलं. पण मावशीचा मोकळेपणा गेला होता. रेकॉर्डिंग पाठवी, पण जपून, तोलूनमापून. आई फोनवर कुरकुरे, “ही हल्ली बातम्या दिल्यासारखी बोलते.” भिंगरी फोन ठेवून घरभर फेऱ्या मारी. पडदा सुधारला होता. हे कसं सुधारायचं, ते सुचत नव्हतं.

एकदा तिने मावशीला, मावशीने स्वतः ‘नको’ दाबलेला पडदा उघडून दाखवला. मावशीने तो दोनदा वाचला. “बरं,” एवढंच म्हणाली.

कितीतरी दिवसांनी आईचा फोन आला. हसू आवरत नव्हतं. “ऐक, ऐक जरा.” तिने फोन स्पीकरजवळ धरला. नव्या रेकॉर्डिंगमध्ये मावशी खालच्या मजल्यावरच्या बाईच्या घोरण्याची नक्कल करत होती, शिट्टीसकट.