निशिकांतची सावलीची सीट

सिंगापूरमध्ये जुरोंग ईस्टच्या आमच्या कॉन्डो सोसायटीत राहणारा निशिकांत खांबेटे बँकेत ऑडिटर आहे, हे फार कुणाला ठाऊक नाही. त्याची ख्याती वेगळी. ऊन कुठल्या बाजूने येणार, ते हा माणूस छातीठोक सांगतो. पुण्याहून साताऱ्याला सकाळच्या एसटीने जाताना उजवीकडे बसायचं आणि संध्याकाळी परततानाही उजवीकडेच, हा त्याचा तरुणपणीचा शोध. इथल्या एमआरटी मेट्रोतही तो ओळखीच्यांना उठवून बाजू बदलायला लावतो. गाडी भुयारात शिरली तरी शिफारस मागे घेत नाही.

एवढी विद्या वाया जात होती. २०१६ च्या मे महिन्यात तिला काम मिळालं.

मुलगा निहार अमेरिकेत, ॲरिझोनातल्या एका वाळवंटी शहरात शिकत होता. त्या गावात झाडांपेक्षा स्टेडियमं जास्त, असं तोच सांगायचा. कॉलेजच्या बेसबॉल संघात तो चार वर्षं होता. म्हणजे चार वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर होता. आता शेवटच्या वर्षाचा शेवटचा सामना, दुपारी एक वाजता. निशिकांतच्या बायकोने, शुभदाने, मुलाला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. हीच शेवटची संधी. पण तिची अर्धशिशी अशी की दहा मिनिटं ऊन लागलं तर दोन दिवस पडदे ओढून झोपायचं.

"सावलीची सीट असेल तरच येते," ती म्हणाली.

"अगं, तू कुणाशी बोलतेयस?" निशिकांत दुखावलाच.

सेरंगून रोडवरून आणलेल्या मिठाईच्या खोक्याचं त्याने स्टेडियम केलं. नकाशा बघून भिंती कापल्या, पुठ्ठ्याचं छप्पर चिकटवलं, आणि ओळीने तीन शनिवार भर दुपारी एक वाजता ते स्विमिंग पूलशेजारी ठेवून, फोनमधलं होकायंत्र लावून, तो टाचण्या टोचत बसला. एका टाचणीला 'शुभदा' अशी चिठ्ठी होती. पोहायला आलेली मंडळी वळसा घालून जायची. तिसऱ्या शनिवारी उत्तरेच्या भिंतीखालच्या दोन टाचण्या पूर्ण सावलीत सापडल्या. निशिकांतने त्याच दोन सीट बुक केल्या आणि आम्हा सगळ्यांना पेढे वाटले.

संध्याकाळी आमच्यासमोरच व्हिडिओ कॉलवर निहारने सीट नंबर ऐकला आणि हसत सुटला. अमेरिकेत राहूनही त्याचं इंग्रजी सिंगापुरीच. "बाबा, दॅट साइड नोबडी सिट वन लाह! तिकडे लोक टॅन व्हायला जातात."

"मी मोजलंय, निहार."

"कुठे मोजलं?" शुभदाने विचारलं.

"आपल्या पूलपाशी."

शुभदाने कपाळाला हात लावला. "अहो, मे महिन्यात इथे ऊन उत्तरेकडून येतं. मी सांडगे मेमध्ये स्वयंपाकघराच्या बाजूला आणि डिसेंबरमध्ये हॉलच्या बाल्कनीत घालते, ते काय हौस म्हणून? ॲरिझोना तर पुण्याच्याही कितीतरी उत्तरेला; तिथे सूर्य बाराही महिने भर दुपारी दक्षिणेला, म्हणजे उत्तरेच्या सीट थेट उन्हात."

वीस वर्षं एकाच घरात राहून निशिकांतने सांडगे खाल्ले होते, त्यांची दिशा पाहिली नव्हती. त्याने सीट बदलायचा प्रयत्न केला. बाकी स्टेडियम भरलं होतं.

"मग तू नको येऊस," तो हळूच म्हणाला. त्याचा आवाज एवढा लहान झालेला आम्ही कधी ऐकला नव्हता.

शुभदा स्क्रीनकडे वळली. "निहार, तू बाकावर सावलीत बसणार असशील तर मी उन्हात कशाला येऊ? तू मैदानात उभा राहणार असशील तर येते. विचार तुझ्या कोचला."

"आई, असं कोण विचारतं?"

"चार वर्षांत विचारलंस का कधी?"

निहारने टोपी काढून डोकं खाजवलं. मग "ओके लाह. विचारतो."

कोच म्हणाला, नऊपैकी एक इनिंग.

सामन्याच्या दिवशी पारा अडतीसवर. त्या बाजूच्या चाळीस ओळींत सगळे मिळून अकरा जण, त्यातले नऊ तेल चोपडून पडलेले. छत्री दारातच काढून घेतली होती. शुभदाच्या डोक्यावर ओला पंचा. निशिकांत त्यावर बाटलीने पाणी घालत होता, पिंडीवर घालावं तसं. सहाव्या इनिंगला निहार धावत मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. तेवढ्यात शुभदाने डोळे किलकिले करून कपाळ दाबलं. निशिकांत उठला, तिच्या पुढ्यात गेला, विमानातल्या थंडीसाठी आणलेलं जॅकेट दोन्ही हातांनी डोक्यावर ताणलं. तिच्या चेहऱ्यावर अखेर सावली पडली; अगदी मोजून मापून, चेहऱ्याएवढी.

"आता कसं?" त्याने विचारलं.

"अहो, बाजूला व्हा!" शुभदा ओरडली. "मुलगा दिसत नाहीये."

तो बाजूला झाला. अख्ख्या इनिंगमध्ये निहारकडे एकही चेंडू आला नाही. शुभदा प्रत्येक चेंडूला टाळ्या वाजवत होती.