फक्कीच्या भिंती

आज आमच्या प्लॉटवर घराची आखणी झाली. पांढऱ्या फक्कीच्या रेषांत तीन खोल्या मावल्या, पण त्या इतक्या लहान दिसल्या की मला धसकाच बसला. एवढ्यासाठी एवढा खर्च? सकाळपासून एस्टिमेटची घडी मी उघडतोय आणि पुन्हा घालतोय.

"साहेब, स्वयंपाकघर दोन फुटांनी कमी केलं तर बजेटमध्ये बसेल," इंजिनिअर हळूच म्हणाला. रेष पुसायला त्याने बूट पुढे केलाच होता.

तेवढ्यात बायको आली. दारासाठी सोडलेल्या जागेबाहेर तिने चपला काढल्या आणि एकही रेष न ओलांडता, दारादारातून वळत ती स्वयंपाकघरात पोचली. "ओटा इथे, खिडकीपाशी," ती म्हणाली. मग इंजिनिअरकडे पाहून, "अहो, भिंतीत काय उभे राहिलात?"

तो हसत बाजूला झाला. मला मात्र हसू येईना. मी आकड्यांतच अडकलोय आणि ही राहायलाही आली! आता दोन फुटांचं हिला कोण सांगणार?

सांगायलाच म्हणून निघालो, तर रेषेपाशी पाय थांबले. समोर भिंत होती. मुकाट्याने वळसा घालून दाराशी आलो आणि चपला काढल्या.