चिमाची हाक

भाट्याचा भिवा पंधरा वर्षं विलायती बोटीवर खलाशी होता. गोऱ्यांच्या जिभेवर 'भिवा' काही केल्या बसेना, म्हणून ते त्याला 'बीवर' म्हणत. तोही मुकाट ओ देई. सन तीसच्या सुमारास तो कायमचा घरी परतला. बायको चिमा रीतीप्रमाणे त्याचं नाव घेत नसे.

एका सकाळी गडी नारळ पाडत होता आणि भिवा नेमका माडाखाली येऊन उभा. चिमा दोनदा "अवो, अवो" करून दमली. शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडली, "बीवर!"

भिवा उडी मारून बाजूला झाला. नारळ त्याच्याच जागी आदळला.

सासू कडाडली, "नवऱ्याचं नाव घेतलंस?"

"ह्यांचं कुठे? ते गोऱ्यांनी ठेवलेलं!"

तेव्हापासून भर वाडीत नवऱ्याला नावाने हाक मारणारी चिमा एकटीच.