माझ्या अक्षरातलं कार्ड

भूतखेत, संकेत, स्वप्नातले दृष्टांत... माझा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. मी कागदावर लिहिलेलं मानणारी बाई. म्हणूनच सांगायला अवघड जातंय, कारण जे घडलं ते कागदावरच घडलं.

सेलूला स्टेशन रोडवर आमचा फोटो स्टुडिओ होता. सासऱ्यांनी काढलेला, पुढे ह्यांनी चालवलेला. नामांतराचे मोर्चे निघायचे ते दिवस, साधारण शहाऐंशी-सत्त्याऐंशीचे. सासरे जाताना हजारो निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवून गेले होते. कुणी जुना फोटो मागितला की हे दोन-दोन दिवस डबे उपसत बसायचे. शेवटी मी पदर खोचला. प्रत्येक पाकिटाला नंबर दिला आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर कार्डं लिहिली — नाव, गाव, कशाचा फोटो, पाकीट नंबर. नावं सासऱ्यांच्या वहीतून घेतली. एकेक कार्ड माझ्या हातचं. आता सून कम्प्युटरवर नाव टाकून फोटो काढून दाखवते आणि माझ्याकडे बघते... अगं बाई, तुझी सासू हे तेव्हाच करत होती, तेही लाइट गेलेली असताना!

तर एका दुपारी सोनपेठकडची एक बाई आली. गयाबाई. मेंढरं राखणारं घर, दोन एसट्या बदलून आलेली.

"बाई, तुमी कुणाचाबी फोटू हुडकून देता म्हनं. लेकीचं लगीन हाय. बाप गेला तवा ती पोटात व्हती. तिला एकडाव बापाचं तोंड दावायचंय."

"कधी काढला होता फोटो?"

"काढलाच न्हाई. पर मेंढरं घिऊन सेलूकडं लय यायचे."

आता काय बोलायचं? नाव विचारलं, तर नवऱ्याचं नाव घेईना. "शनवारी ज्याला तेल घालत्यात, त्येचं." म्हणजे मारोती. आमच्याकडे दर दुसऱ्या घरात एक. तिला बरं वाटावं म्हणून मी 'म'चा खण ओढला आणि गाव विचारत कार्डं चाळायला लागले.

आणि ते कार्ड निघालं. मारोती, तिच्याच वाडीचं नाव. पुढे लिहिलेलं — 'जिनिंगवाल्यांचा नवा ट्रक. मागे डावीकडे, खांद्यावर घोंगडी.' खाली पाकीट नंबर. अक्षर माझं, शाई माझी.

मी ते कार्ड खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा वाचलं. कारण मागे कोण उभं आहे हे मी कधीच लिहिलं नव्हतं, फक्त फोटो काढून घेणाऱ्याचंच नाव लिहायचे. आणि तो फोटो माझ्या लग्नाच्याही आधीचा. वही काढली, तर त्या नंबरापुढे फक्त त्या कापसाच्या जिनिंगवाल्यांचं नाव.

"तूच लिहिलं असशील अन् विसरली असशील," हे म्हणाले.

"असेल. पण मला नाव कोणी सांगितलं?"

हे पाकीट घेऊन डार्करूममध्ये गेले आणि ट्रकमागचा तेवढा कोपरा मोठा करून आणला. गयाबाईने ओला फोटो दोन्ही हातांत धरला, त्यातल्या माणसाच्या अर्ध्या तुटलेल्या कानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "कुत्र्यानं तोडलेला. ह्येच." मग खाली बसून खूप वेळ रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली?

लग्नानंतर ती लेकीला घेऊन मुद्दाम स्टुडिओत आली. पोरगी माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आई सारकी म्हनायची, बापावर गेलीस. मला वाटायचं, उगी मन राखायलीय. पर माझं नाक त्येंचंच हाय, बाई."

हजारो कार्डं लिहिली मी, पण एवढा अभिमान दुसऱ्या कुठल्याच कार्डाचा वाटला नाही. आणि गंमत बघा, नेमकं तेच लिहिल्याचं मला आठवत नाही. कितीतरी वर्षं डोकं खाजवलं. पण कुणी विचारलं, तर ते कार्ड माझंच आहे असंच मी सांगते.